माशाच्या खवल्यांची वीण

तियानजिन, ८ सप्टेंबर १९८३

बाबा,

मी रुइछिन. थान काका, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून तुम्हालाही नमस्कार. चष्म्याची काडी दुरुस्त झाली का? एका कानाला दोरा बांधून वाचता, असं आई सांगत होती.

बाबा, तुम्ही जूनपासून घरी आला नाहीत. आई रागावलेली नाही. ती म्हणते, मिठाचा हंगाम आहे, माणूस कसा येईल. पण रविवारी ती तीन वाडगे काढते आणि एक परत फळीवर ठेवते.

जूनमधलं भांडण मी पुन्हा उकरत नाही. फक्त एवढंच लिहिते, की तुम्ही लवकर निवृत्ती घ्यायची आणि तुमच्या जागेवर मी मिठागराच्या कचेरीत वजनं लिहायला बसायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. तुम्ही अजून पाठीवर पोतं घेऊन धावू शकता. तुम्हाला घरी बसवून मी खुर्चीत बसले असते, तर रोज तुमच्या पाठीवर बसल्यासारखं वाटलं असतं. गल्लीच्या समितीने मला सायकल दुरुस्तीच्या सहकारी दुकानात काम दिलं, ते मी घेतलं. "आपल्या घरात शाळा पुरी केलेली पहिली तू, आणि तू लोकांची पंक्चरं काढणार," असं म्हणून तुम्ही स्टेशनपर्यंत चालत गेलात. तुमची सायकल भिंतीला तशीच टेकलेली राहिली.

त्या सायकलबद्दलच लिहिते आहे.

आमच्या दुकानाचे यान उस्ताद प्रत्येक नव्या माणसाला एक जुनी गाडी देतात. ती शेवटच्या छर्‍यापर्यंत सुटी करायची, धुवायची, आणि पुन्हा उभी करायची. उभी झाली की पहिली फेरी ना उस्ताद मारतात, ना जोडणारा. जोडणाऱ्याच्या घरच्या माणसाने ती चालवायची आणि जोडणाऱ्याने मागे कॅरियरवर बसायचं. उस्ताद म्हणतात, परक्याची गाडी कसताना हात आळशी होतो, बापाची कसताना होत नाही. ती फेरी झाली की भिंतीवर आपल्या नावाचा खिळा मिळतो आणि त्यावर आपले पाने टांगायचे. तोवर रॉकेलच्या भांड्यात दुसऱ्यांनी सोडलेले भाग धूत बसायचं. मी सध्या धुते आहे.

दुकानात जुनी गाडी शिल्लक नाही. उस्ताद म्हणाले, घरात असेल तर आण.

तुमची गाडी मी तुम्हाला न विचारता उघडणार नाही. तिची साखळी अडकते, मागचं चाक डुलतं. वरच्या दांडीच्या नळीवर तुम्ही लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या पट्टीची जी खवल्यांची वीण घातलीत, ती मी कापणार नाही, सोडवीन. या महिन्याच्या सतरा तारखेपर्यंत तुमचं "नको" आलं, तर हात लावणार नाही. "हो"ची वाट बघत नाही, कारण ते तुम्ही म्हणणार नाही.

थान काका, ही एक ओळ मोठ्याने वाचू नका: बाबांचा खोकला कसा आहे ते मला वेगळं कळवा.

रुइछिन


तियानजिन, २५ सप्टेंबर

बाबा,

थान काकांचं पत्र आलं. माझी ती ओळ आली तसे ते थांबले, आणि तुम्ही लगेच विचारलंत की काय गाळलंस. मग मिठागराच्या खोलीत तुमच्याबरोबर राहणाऱ्या सगळ्यांनीच विचारलं. शेवटी तुम्ही सांगितलंत, माझ्या मुलीचं पत्र वाचायचं तर सगळं वाच, नाहीतर चुलीत घाल. ठीक आहे. यापुढे मी जे लिहीन ते खोलीतल्या सगळ्यांसाठी लिहिते आहे असं समजते. सगळ्या काकांना नमस्कार. खोकला नाही हे ऐकून बरं वाटलं.

सायकलबद्दल तुम्ही "नको" म्हटलं नाही. थान काका लिहितात, बाबा वाफवलेला मांतौ पाव चावत राहिले. मी ते चावणं "नको नाही" असं धरलं.

वीण सोडवायला मला अख्खा रविवार लागला. आधी टोकच सापडेना. मी नखाने, मग सुईने शोधलं. आई म्हणाली, तुझ्या बाबाने एकदा बांधलेलं कधी सुटलंय का, लग्नातली गादी अजून तशीच आहे. टोक सीटखाली, नळीच्या पोटाशी दडवलेलं होतं. तिथून एकेक खवला उलटा काढत आले. लहानपणी तुम्ही मला पुढच्या दांडीवर बसवून शाळेत न्यायचात, तेव्हा उतरल्यावर मांड्यांवर हे खवले उमटलेले असायचे. वर्गात मुली म्हणायच्या, मासळी आली. मला त्याचा राग येत नसे. दुसऱ्या कुणाच्या बापाला ही वीण येत नव्हती.

पट्टी आईने धुऊन वाळत घातली आहे. नळीचा रंग थोडा गेला होता. बाकी ठीक.

मग गाडी सुटी केली. प्रत्येक भागाला मी कागदाची चिठ्ठी बांधली: डावीकडचा, उजवीकडचा, आतला, बाहेरचा. छर्रे वेगवेगळ्या वाट्यांत, झाकण लावून. उस्तादांनी बघितलं आणि सगळ्या दुकानाला बोलावलं. म्हणाले, "या, आपल्याकडे औषधांचं दुकान उघडलंय. खोकल्याची पुडी कुठली, ताई?" दुपारी त्यांना स्वतःला एका गिऱ्हाइकाच्या पुढच्या चाकाचा कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारा नट, सापडेना. तेव्हा त्यांनी माझ्याकडून दोरा आणि चिठ्ठ्या मागितल्या.

डावं पेडल मात्र माझ्याच्याने निघेना. मी पान्यावर उभी राहिले. उस्ताद चहा पीत बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तू ते काढते आहेस की कसते आहेस?" डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. मला हे माहीत होतं. पुस्तकातून माहीत होतं.

रुइछिन


तियानजिन, १६ ऑक्टोबर

बाबा आणि खोलीतले सगळे काका,

तुमचा हंगाम संपत आला असेल. इकडे सकाळी आता श्वासाची वाफ दिसते.

माझे हात काळे झाले आहेत. हे तुम्हाला वाचून दाखवल्यावर तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे, पण लपवून काय करू. नखांच्या कडेला ग्रीस बसलं आहे, ते सोड्याने निघत नाही. पहिल्या आठवड्यात मी दुकानातून येताना हात बाह्यांत लपवायची. आता नाही लपवत. काल मुगाचं धिरडं घ्यायला हातगाडीपाशी उभी होते, तर धिरडेवाल्याने माझे हात बघून विचारलं, "ताई, यान उस्तादांकडच्या ना? माझ्या तीनचाकीची साखळी बघाल?" आणि धिरड्यात अंडं जास्तीचं घातलं. दुकानात तर पांढऱ्या दाढीचे आजोबाही मला ताई म्हणतात. घरात मी सगळ्यांत धाकटी आणि दुकानाच्या दारात अख्ख्या शहराची थोरली.

बाबा, मागच्या चाकाचा आस उघडला. आतले छर्रे काळवंडलेले होते, दोन तर दाण्यासारखे फुटलेले. नवे घातले. कपात ग्रीस भरायचं आणि छर्रे त्यात एकेक बसवायचे, तसे ते पडत नाहीत. मग कोन फिरवायचा. जास्त कसला तर चाक कण्हतं, सैल सोडला तर डुलतं. मधली एक जागा असते, तिथे काहीच होत नाही, आवाज नाही, हालचाल नाही, चाक नुसतं फिरत राहतं. ती जागा मला सापडायला तीन दिवस लागले. सापडली तेव्हा मी उस्तादांना हाक मारली नाही. एकटीच चाक फिरवत बसले.

आरे कसून रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढणं अजून नीट जमत नाही. एक बाजू सरळ केली की दुसरी वाकते. उस्ताद म्हणतात, चाकाशी वाद घालू नकोस, पाव फेरी दे आणि ऐक.

वरची नळी बदलावी लागली. जुनी होती. उस्तादांनी गॅसच्या ज्योतीवर जोड तापवला, जुनी नळी ओढून काढली, एका भंगारातल्या चांगल्या सांगाड्याची नळी घातली आणि पितळेचा टाका देऊन जोडली. मी सांगाडा धरून उभी होते. मला भीती वाटत होती की पोलिसांचा ठोकलेला नंबर जाईल आणि कायद्याने गाडी तुमची राहणार नाही. पण नंबर खाली पेडलच्या पेटीवर आहे. तो शाबूत आहे. मी रॉकेलने पुसून वाचला. गाडी तीच आहे.

रुइछिन


तियानजिन, ६ नोव्हेंबर

बाबा,

थान काका लिहितात की तुम्ही पहिल्यांदाच काही विचारलंत. "नळी का बदलली?" एवढंच.

गाडी सोळा-सतरा वर्षांची झाली. वय झालं की होतं असं.

दुसरी बातमी मोठी आहे. गाडी उभी आहे. काळ्या रंगाचे दोन हात दिले, मडगार्ड सरळ केले, सळीचे ब्रेक जुळवले. मागच्या चाकाचा आउट गेला. परवा उस्तादांनी गाडी उलटी ठेवली, चाक फिरवलं, रिमच्या कडेशी खडू धरला आणि डोळे मिटून उभे राहिले. खडू कुठेही लागला नाही. डोळे उघडून ते म्हणाले, "हं." बाबा, यान उस्तादांचं "हं" म्हणजे काय ते तुम्हाला दुकानात येऊनच कळेल. माझ्याबरोबरची बाई चार वर्षं आहे, तिला आजवर एकदाच मिळालं आहे.

आता पहिली फेरी. आईला सायकल येत नाही. तिने प्रयत्न करून बघितला, अंगणात, मी धरून. दोन पावलांत ती खाली उतरली आणि म्हणाली की तिला या वयात मारायचं असेल तर दुसरा उपाय शोध. म्हणजे घरचं माणूस तुम्हीच. उस्तादांना मी विचारलं की शेजारचे वाङ मामा चालतील का, ते मला जन्मापासून ओळखतात. उस्ताद म्हणाले, त्या गाडीची वीण वाङने घातली होती का?

ते बरोबर बोलले. तुम्ही या, बाबा. कुठल्याही रविवारी. मी उद्या सोमवारपासून पुन्हा भाग धुणार आहे आणि गाडी दुकानात मागच्या भिंतीशी झाकून ठेवली आहे. तिच्यावर अजून कुणीही बसलेलं नाही.

थान काका, धाकटीचं लग्न ठरलं म्हणून अभिनंदन. नवी गाडीही घेतलीत, आणि बाबा तिच्यावर खवल्यांची वीण घालणार आहेत, हे वाचलं. विणायची घाई करू नका. थंडीत प्लास्टिक कडक होतं, नीट बसत नाही. वसंतात घातली तर बरं.

रुइछिन


तियानजिन, २० नोव्हेंबर

बाबा,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. थान काका, कृपा करून सावकाश वाचा, आणि बाबा मध्येच थांबवायला लागले तरी शेवटपर्यंत वाचा. सगळं वाचायचं, हा त्यांचाच नियम आहे.

कोबी आला आहे. शहरभर फुटपाथवर कोबीचे ढीग आहेत आणि प्रत्येक सायकलवर हिवाळाभराचा कोबी लादलेला आहे. मंगळवारी एक माणूस दुकानात आला, म्हणजे त्याला दोघांनी हात धरून आणलं. कॅरियरवर दोन पोती, पुढच्या दांडीवर सहा वर्षांची मुलगी. आमच्या चौकात त्याच्या गाडीची वरची नळी मोडली. कोबी रस्ताभर गडगडला. मुलगी कोबीच्या पोत्यावर पडली, म्हणून तिला फक्त हनुवटीला खरचटलं. ती रडतही नव्हती. लोक कोबी गोळा करत होते, आणि तिचा बाप नळीकडे बघत होता.

नळीवर निळ्या पट्टीची वीण होती. तुमच्याइतकी सुबक नाही, पण तीच. उस्तादांनी ती चाकूने उभी फाडली. आत लोखंड नव्हतंच. लाल भुकटी होती.

बाबा, मी तुम्हाला लिहिलं होतं की तुमच्या नळीचा रंग थोडा गेला होता. ते खरं नव्हतं. मग लिहिलं की नळी जुनी होती, वय झालं. तेही खरं नव्हतं. वीण सोडवली तेव्हा आतून ओल निघाली, खारट वास आला, आणि सीटजवळ नळीला माझं बोट आत जाईल एवढं भोक होतं. ज्या नळ्यांवर वीण नव्हती, त्या सगळ्या चांगल्या होत्या. पुढचा चिमटा चांगला होता, मागचा त्रिकोण चांगला होता. फक्त तुम्ही जपलेला भाग गेला होता.

मिठाची हवा आणि पाणी पट्टीच्या आत शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. सैल, आळशी वीण असती, तर वारा लागून सुकलं असतं. तुमची घट्ट होती. तुम्ही एकही खवला ढिला सोडला नव्हता, म्हणूनच पाणी आत राहिलं. कुणी हयगयीने बांधलेली गाडी एवढी गेली नसती. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. उस्तादांना दाखवलं तेव्हा तेही हेच बोलले: "हे विणणाऱ्याचा हात बघ. पाणी शिरायला वर्षं लागली असतील, पण निघायला वाटच नाही."

मी आधीच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण मला माहीत आहे की खोलीत आठजण ऐकतात. आणि तुमच्या मिठागरात नवी सायकल घेतली की माणूस आधी तुमच्याकडे येतो. मुलाच्या बारशाला, लग्नाला, बढतीला, सगळ्यांना मंगच्या, म्हणजे तुमच्या, हातचे खवले हवेत. तुम्हाला तिथे कुणी साहेब म्हणत नाही, पण त्या विणीसाठी साहेबही तुमच्या पायरीवर येऊन बसतात. तुमचा तो मान मी आठजणांसमोर कसा काढून घेऊ, असं मला वाटत होतं. मंगळवारी त्या मुलीची हनुवटी मीच आयोडिनने पुसली. त्यानंतर मला तसं वाटेनासं झालं.

सगळ्या काकांना सांगणं आहे: ज्यांच्या गाडीवर वीण आहे त्यांनी ती सोडवून बघावी. तोवर दांडीवर मुलाला बसवू नये. थान काका, लग्नाची गाडी उघडीच राहू द्या. आठवड्याला तेलाच्या फडक्याने पुसली की पुरे.

बाबा, तुम्ही रागावाल. रागावला असाल तरी कुणाच्या गाडीवर आता वीण घालू नका.

रुइछिन


तियानजिन, ४ डिसेंबर

थान काका,

उत्तर नाही. पत्र पोचलं ना? बाबांना वाचून दाखवलंत ना? काही बोलले नसतील तरी, बोलले नाहीत असं दोन ओळींत कळवा. आई रोज विचारते आणि मी रोज म्हणते की टपाल उशिरा चाललंय.

रुइछिन


तियानजिन, १८ डिसेंबर

थान काका आणि खोलीतले सगळे काका,

बाबा आज येऊन गेले. हे पत्र पोचेल तेव्हा ते तुमच्यातच बसलेले असतील आणि मान खाली घालून चहा पीत असतील. ते तुम्हाला काही सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते. काका, त्यांच्यासमोरच वाचा.

आज दुकानात गर्दी होती. थंडीत ट्यूब कडक होतात, त्यामुळे रांग दारापर्यंत असते. मी खाली मान घालून भाग धूत होते आणि रांगेतल्याला न बघताच विचारत होते, काय झालंय गाडीला. एकाने सांगितलं घंटी वाजत नाही, एकाने सांगितलं हवा टिकत नाही. मग पुढचा माणूस म्हणाला,

"ताई, मंगची गाडी तयार आहे का?"

मी वर बघितलं. निळी टोपी कानांवर ओढलेली, हातात पिशवी. रांगेत उभे राहून आले होते, स्वतःची पाळी येईपर्यंत. मागचे लोक म्हणायला लागले, ताई, लवकर, आमचे पाय गोठले. मी म्हटलं, तयार आहे.

यान उस्ताद हात पुसत आले. दोघांनी एकमेकांना सिगारेट पुढे केली, दोघांनी नको म्हटलं, मग दोघांनी घेतली. मी मागून गाडी आणून उभी केली. बाबांनी सीटपासून हँडलपर्यंत उघड्या नळीवरून तळवा फिरवला.

"गार लागते," ते म्हणाले.

उस्ताद म्हणाले, "दादा, इतकी वर्षं रजई घालून बसली होती. आता सवय होईल तिला."

बाबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "जुनी नळी?"

ती मी रद्दीत गुंडाळून फळीमागे ठेवली होती, त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. मी ती काढून दिली. बाबांनी रद्दी उलगडली, दिव्याखाली धरली, आणि भोकात बोट घातलं. त्यांचं बोट माझ्याहून जाड आहे, तरी गेलं. रांगेतले लोकही माना लांब करून बघत होते. मला वाटलं, आता ते उठून स्टेशनकडे चालायला लागतील, जूनसारखे.

त्यांनी नळी पुन्हा गुंडाळून पिशवीत ठेवली. मग गाडीवर टांग टाकली आणि मागे न बघता म्हणाले, "बस."

काका, मी कॅरियरवर बसले. माझ्याकडून काय सुटलं असेल ते सगळं एकदम आठवायला लागलं. डाव्या क्रँकची कॉटर पिन, मागच्या आसाचा नट, ब्रेकच्या सळीचा तो एक स्क्रू जो मी दोनदा बघितला होता की एकदाच. बाबांनी मुद्दाम खड्ड्यांचा रस्ता धरला. पुलाचा चढ ते उभं न राहता चढले. उतारावर त्यांनी पेडल मारणं सोडून दिलं, ब्रेकलाही हात लावला नाही. नदीवरून वारा कापत होता, आणि गाडीचा आवाज काहीही नव्हता. टायरचा रस्त्यावर होतो तेवढाच. पुलाखाली येऊन त्यांनी एकदाच ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली.

बाबा पाय टेकवून तसेच बसून राहिले. त्यांची पाठ माझ्यासमोर होती. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

मग म्हणाले, "किती जणांच्या गाड्यांवर घातली मी."

मी म्हटलं, "सोडवता येते, बाबा. टोक सापडलं की सुटते."

"टोक मलाच माहीत असतं," ते म्हणाले.

परत आल्यावर दुकानात उस्तादांनी कशी चालली असं विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले, "गाडी नवी होती तेव्हाही मागचं चाक इतकं शांत नव्हतं." उस्ताद हातोडी घेऊन भिंतीकडे गेले. माझा खिळा दाराकडून तिसरा आहे. मी माझे पाने लटकवले. एक खाली पडला. रांगेतल्या आजोबांनी तो उचलून दिला आणि म्हणाले, ताई, आता माझी ट्यूब.

आईने आज तीन वाडगे काढले, तिन्ही भरले. बाबा बसून जेवले. मग माझे हात बघितले, आणि स्वतःचे माझ्या हातांशेजारी टेबलावर ठेवले. त्यांच्या बोटांच्या भेगांत मीठ होतं, माझ्या बोटांच्या भेगांत ग्रीस.

गाडी घेऊन जा म्हटलं, तर म्हणाले, इथेच राहू दे, दुकानात येताजाता लागेल. जुनी नळी मात्र नेली आहे. तिचं काय करणार ते त्यांनी मला सांगितलं नाही.

रुइछिन


तियानजिन, २८ डिसेंबर

बाबा,

थान काकांचं लांबलचक पत्र आलं. ती नळी तुम्ही खोलीच्या दाराशी खिळ्याला टांगली आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला भोकात बोट घालायला लावता. सेक्शनच्या साहेबांनाही लावलंत. थान काका लिहितात की भिंतीशी सायकलींची रांग लागली आहे. तुम्ही कुणालाही चाकू लावू देत नाही, एकेकीचं टोक शोधून स्वतःच्या हाताने सोडवता. आणि कुणी विचारलं की आता पुढे काय, तर म्हणता: "वीण माझी होती, ती मी सोडवतो. आत काय झालंय ते आमच्या घरची मिस्त्री येऊन बघेल."

म्हणजे मी यायचं आहे. तुम्ही मला तसं कळवलं नाहीत. सगळ्या मिठागराला कळवलंत.

उस्तादांनी सुट्टी दिली आहे, आणि त्यांचा मोठा पानाही दिला आहे, जो ते कुणाला देत नाहीत. पितळेच्या टाक्याचं काम असेल त्या गाड्यांना मी खूण करून ठेवीन, त्यांच्यासाठी उस्ताद नव्या वर्षात स्वतः येणार आहेत. त्यांना तुमच्या विणीचं एक तरी टोक शोधून बघायचं आहे. रविवारी, एक तारखेला, सकाळच्या पहिल्या गाडीने येते. मोठी परात, रॉकेल, जुन्या रद्दीचा गठ्ठा आणि भरपूर दोरा तयार ठेवा. चिठ्ठ्या मी आणते. प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधल्याशिवाय मी एकही गाडी उघडणार नाही, आणि तुमच्या खोलीतल्यांनी कितीही हसायचं ठरवलं असेल तरी चालेल.

स्टेशनवर घ्यायला या. पाने जड आहेत.

थान काका, आज काही गाळायचं नाही. दार उघडं ठेवा आणि मोठ्याने वाचा, म्हणजे बाहेर रांगेत उभे आहेत त्यांनाही ऐकू जाईल.

मंग रुइछिन
सायकल मिस्त्री